ध्वजदिनानंतरचे तीनशे चौसष्ट दिवस

दरवर्षी डिसेंबरची सात तारीख जवळ आली की शाळा-कचेऱ्यांतून लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या रंगांचे छोटे कागदी ध्वज फिरू लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणाहून संकलनाचे उद्दिष्ट येते. मुख्याध्यापक ते वर्गशिक्षकांवर वाटून देतात, वर्गशिक्षक मुलांवर, आणि मुले घरी जाऊन आईच्या पदराशी हट्ट धरतात. कचेऱ्यांत बडे बाबू पगाराच्या सुमारास पावतीपुस्तक घेऊन टेबलाटेबलावरून हिंडतात. संध्याकाळपर्यंत ध्वज छातीवरून गळून पडलेला असतो आणि सैनिकांविषयीच्या आपल्या कर्तव्याची त्या वर्षापुरती सांगता झालेली असते.

हा दिवस ठरला तो २८ ऑगस्ट १९४९ रोजी, संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीत. युद्धात घायाळ झालेल्यांचे व कामी आलेल्यांच्या कुटुंबांचे पुनर्वसन, सेवेत असलेल्यांच्या कुटुंबीयांचे कल्याण आणि निवृत्त झालेल्यांची पुनःस्थापना असे तीन हेतू त्यामागे होते. तिन्ही हेतूंत कुटुंब हा शब्द उघड वा गर्भित आहेच. जनतेने मात्र त्यातला सैनिक तेवढा उचलला आणि कुटुंब सोडून दिले. सैनिकाचे चित्र लावता येते, त्याच्यावर पोवाडा रचता येतो. त्याच्या पत्नीच्या शिधापत्रिकेवर पोवाडा रचता येत नाही.

निधीसाठी आवाहन करण्याकरिता हा लेख नाही. ध्वजनिधी जमला पाहिजे आणि तो देणाऱ्याने द्यावाच. प्रश्न आहे तो उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा. शिक्षक, कारकून, विद्यार्थी हा आपला जो लिहिता-वाचता वर्ग आहे, त्याच्यापाशी पैशाहून अधिक मोलाची एक वस्तू आहे आणि नेमकी तीच तो देत नाही, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

युद्धाच्या दिवसांत आपल्याला भरते येते, हे कोणी नाकारणार नाही. १९६२ साली राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला तेव्हा स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले, घरोघरी लोकरीचे स्वेटर विणले गेले. १९७१ मध्ये तसेच, आणि १९९९ च्या कारगिलच्या वेळी तर देणग्यांचा ओघ लागला होता. पण सैनिकाचे कुटुंब युद्धकाळात जेवढे अडचणीत असते तेवढेच, किंबहुना काही बाबतींत अधिकच, शांततेच्या काळात असते. शांततेतही जवान सरहद्दीवर असतो, हिमकडे कोसळतात, गाड्या दरीत जातात. आणि यांपैकी काहीही न घडता केवळ तो घरी नाही म्हणून बांध कोरला जातो, मुलाचा दाखला अडतो, म्हाताऱ्या आईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला माणूस मिळत नाही. याच्या बातम्या होत नाहीत आणि यासाठी निधीही उभा राहत नाही.

महाराष्ट्राच्या पश्चिम भागात अशी गावे आहेत की जिथे घराघरातून माणूस फौजेत जातो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द चिकटून बसला आहे. शिरोळ तालुक्यातील टाकळी तर 'सैनिक टाकळी' म्हणूनच ओळखली जाते. अशा गावांत निदान एक सोय असते. निवृत्त सुभेदार, हवालदार शेजारीपाजारी असतात, कोणता कागद कोठे पाठवायचा हे त्यांना ठाऊक असते, आणि नव्याने वैधव्य आलेल्या मुलीला ते हाताशी धरून कचेरीत नेतात. खरी अडचण आहे ती ज्या गावातून एखादाच मुलगा फौजेत गेला त्या गावाची. मराठवाड्यातील वा विदर्भातील अशा खेड्यात त्या घराला विचारायला कोणी नसते. जवान महार रेजिमेंटचा असेल तर त्याची कागदपत्रे मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगावला, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोडला, सिग्नल्सचा असेल तर जबलपूरला. निवृत्तिवेतनाचे मुख्य लेखा कार्यालय प्रयागराजला. ज्या बाईने आयुष्यात तालुक्यापलीकडे पाऊल टाकलेले नाही तिचा संसार अशा रीतीने चार प्रांतांतल्या दप्तरांत वाटला गेलेला असतो.

शासनाने काही केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१९ साली स्थापन झालेल्या इंडियन सोल्जर्स बोर्डाचेच पुढे, १९७५ मध्ये, केंद्रीय सैनिक बोर्ड असे नामांतर झाले. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात आहे, जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालये आहेत, जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, आणि तालुक्यांचे दौरे करण्यासाठी 'कल्याण संघटक' नावाचे कर्मचारी आहेत. सैनिकांच्या मुलामुलींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहे आहेत. २००३ पासून निवृत्तांसाठी व त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठी अंशदायी आरोग्य योजना चालू आहे. ज्या घरमालक माजी सैनिकांना व सैनिकांच्या विधवांना मालमत्ता कराचा भार वाटतो, त्यांना राहत्या एका घरापुरती त्यात माफी देण्याचा निर्णय राज्याने २०२० साली घेतला. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या अनुदानांत तर १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी दुपटीने वाढ झाली आहे. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, निवृत्तिवेतन नसलेल्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकास वा त्याच्या विधवेस दरमहा ४,००० रुपये मिळत ते ८,००० झाले. दोन मुलांपर्यंत प्रत्येकी दरमहा १,००० रुपयांची शिक्षणमदत २,००० झाली. मुलीच्या विवाहाला किंवा विधवेच्या पुनर्विवाहाला ५०,००० मिळत, त्यांचे एक लाख झाले. हा पैसा ध्वजनिधीतूनच येतो, म्हणजे शाळेतल्या त्या पोरांनी आईच्या पदराशी केलेला हट्ट अगदीच वाया गेलेला नाही.

तेव्हा योजना आहेत, पैसाही थोडाफार आहे. मग घोडे अडते कोठे? ते अडते कागदावर. आणि कागद हा ज्यांच्या रोजच्या हातातला मळ आहे असा वर्ग म्हणजे प्रस्तुत वृत्तपत्राचा वाचक होय.

एक उदाहरण पाहू. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडे चाल आहे. माहेरची शकुंतला सासरी आल्यावर तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून सुवर्णा होते. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शकुंतला आणि वडिलांचे आडनाव, शिधापत्रिकेवर सुवर्णा आणि नवऱ्याचे आडनाव, आधारपत्रावर तिसरेच काहीतरी, कारण ते काढताना शिबिरातल्या मुलाने जे ऐकले ते लिहिले. जवानाने पलटणीत लग्नाची नोंद करताना घाईत घरातले हाकेचे नाव दिलेले असते. तो हयात आहे तोवर या चार बायका एकच आहेत हे सांगायला तो असतो. तो गेला की त्या एकच आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या बाईवर येऊन पडते, आणि तीही अशा वेळी की जेव्हा तिच्या घरात दहाव्याचे पाहुणे बसलेले असतात.

फौजेत 'पार्ट टू ऑर्डर' नावाचा एक प्रकार आहे. जवानाचे लग्न, मुलांचे जन्म, नामनिर्देशनातील बदल अशी प्रत्येक कौटुंबिक घटना या आदेशाने प्रसिद्ध व्हावी लागते आणि तीच पुढे अभिलेख कार्यालयातील नोंद ठरते. ती नोंद नसेल वा चुकली असेल तर फौजेच्या दृष्टीने ती पत्नी, ते मूल अस्तित्वातच नसते. रजा महिन्याची असते. त्या महिन्यात घर शाकारायचे, बहिणीचे लग्न जमवायचे, विहिरीचे काम काढायचे. ग्रामपंचायतीतून मुलाच्या जन्माचा दाखला काढून नेणे राहून जाते. पुढल्या रजेला पाहू, असे तो म्हणतो. कित्येकदा ती पुढली रजा येत नाही. निवृत्तीनंतरही हीच गत. निवृत्तिवेतनाच्या आदेशात पत्नीचे नाव व जन्मतारीख नीट लागली आहे की नाही हे आमचा माजी सैनिक पाहत नाही, कारण त्याच्या हयातीत त्याचे काही अडत नाही. तो वारल्यावर त्या पत्नीला जे कुटुंब निवृत्तिवेतन सहज सुरू व्हायचे, त्यासाठी प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील नामबदलाची सूचना, सरपंचाचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र अशी माळ सुरू होते.

आणि यात रक्कम लहानसहान नसते. शत्रूशी लढताना वा तत्सम कारणाने मृत्यू आला तर पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी पूर्ण रक्कम, मिळते. सेवेमुळे पण अन्य कारणाने मृत्यू आला तर त्या वेतनाच्या साठ टक्के. सेवेशी संबंध नाही असे ठरले तर साधे कुटुंब निवृत्तिवेतन, ज्याचा नेहमीचा दर तीस टक्के आहे. एका शब्दाच्या अर्थावर घराचे उत्पन्न तिपटीने वरखाली होते. चौकशीचा निर्णय काय झाला, तो कोणत्या कलमाखाली, अपील किती मुदतीत, हे प्रश्न तिने विचारले पाहिजेत. पण ते प्रश्न असतात हेच तिला ठाऊक नसते. तिला इंग्रजी पत्र येते आणि ती ते देवापुढे ठेवते.

त्या पत्रापाशी गावातला शिक्षक किती अंतरावर असतो? दोन आळ्या. तहसीलातला अव्वल कारकून त्याच बसने येतो-जातो. पत्र वाचून दाखवणे, त्याचा अर्थ सांगणे, उत्तर लिहून देणे, प्रत जपून ठेवायला सांगणे, या कामाला ना निधी लागतो ना संस्था. पूर्वी खेड्यातला गुरुजी हे करीतच असे. मनिऑर्डरीच्या कुपनावरचा मजकूर वाचून दाखवणारा आणि 'इकडील सर्व क्षेम' लिहून देणारा तोच असे. फौजेतल्या घराचा जगाशी संबंध त्याच्या टाकाने राहत असे. आता पैसे थेट खात्यात जमा होतात, नवरा-बायको दूरध्वनीवर बोलतात, त्यामुळे गुरुजीची गरज संपली असा सर्वांनी समज करून घेतला आहे. संपली ती प्रेमपत्र लिहिण्याची गरज. सरकारी पत्राची वाढली आहे.

कारकूनवर्गाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्यांच्या हातात जे आहे ते इतर कोणाच्याच हातात नाही. वारसाची नोंद, फेरफार, सातबाऱ्यावरचे नाव, जन्म-मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला. सैनिकाच्या कुटुंबाला लागणारा जवळजवळ प्रत्येक कागद मुलकी कचेरीतून निघतो. तो मुदतीत देणे हे कारकुनाचे नेमून दिलेले काम आहे. त्याला स्वयंसेवा म्हणावे हे लाजिरवाणे खरे, पण आपल्याकडे नेमून दिलेले काम वेळेवर करणे हीच एक प्रकारची स्वयंसेवा होऊन बसली आहे.

एका जुन्या कायद्याची आठवण यानिमित्ताने करून देतो. १९२५ चा सैनिक दावे कायदा, म्हणजे इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, अजून जिवंत आहे. युद्धजन्य वा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेला सैनिक दाव्यात पक्षकार असेल आणि त्याची बाजू मांडायला कोणी नसेल, तर न्यायालयाने ते काम तहकूब ठेवावे अशी त्यात तरतूद आहे. एवढेच नव्हे, तर आपल्या जिल्ह्यातील असा सैनिक हजर राहू शकत नाही असे जिल्हाधिकाऱ्यांना वाटले तर त्यांनी स्वतः होऊन न्यायालयाला तसे कळवावे, असेही तो म्हणतो. इंग्रजाने हा कायदा आमच्या प्रेमापोटी केला नव्हता. खंदकात बसलेल्या शिपायाचे चित्त गावच्या जमिनीकडे राहिले तर तो नीट लढणार नाही, हा त्याचा रोकडा हिशेब होता. हिशेब रोकडा असला तरी खोटा नव्हता. आज किती महसूल कचेऱ्यांत हा कायदा ठाऊक आहे? भाऊबंद जवान रजेवर येण्यापूर्वी मोजणी उरकतात आणि तो आल्यावर त्याच्या हातात निकालाची प्रत पडते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली आणि त्यायोगे सैनिक मंडळांच्या कचेऱ्यांतून विनामूल्य कायदेशीर साह्य मिळावे अशी योजना केली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण ज्या घरी नोटीस लागली त्या घरी ही योजना आहे हे सांगायला पुन्हा कोणीतरी जाणता शेजारीच लागणार.

आता मुलांकडे वळू. छावणीतल्या शाळेतून, समजा आसामातून वा पंजाबातून, वडिलांची बदली सीमेवर झाल्यामुळे आईबरोबर गावी परतलेले मूल ऐन नोव्हेंबरात आपल्या वर्गात येऊन बसते. त्याला हिंदी उत्तम येते, मराठी घरात बोलण्यापुरती. जोडाक्षरे लिहिताना ते अडखळते आणि वर्ग हसतो. शिक्षक दाखल्यातली त्रुटी दाखवून त्याला दोनदा घरी पाठवतात. हे मूल चार वर्षांत तिसऱ्या शाळेत आलेले आहे, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नसते. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास त्याला मराठी वाचायला बसवणे हे काही फार मोठे दान नव्हे. आणखी एक गोष्ट शिक्षकच करू शकतो. सैनिकाच्या मुलाला सारखे 'तुझे बाबा शूर आहेत' असे सांगण्याचा मोह त्याने आवरावा. भीतीने रात्र जागणाऱ्या मुलाला शौर्याची जाहिरात झेपत नाही. त्याला घाबरण्याची मुभा हवी असते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्रसेना आणि राष्ट्रीय सेवा योजना यांमुळे अशा कामाची थोडी ओळख असते, परंतु ती बहुधा संचलन, रक्तदान आणि वृक्षारोपण यांवर संपते. आज त्यांच्यासाठी एक नवेच काम निर्माण झाले आहे. संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन अलीकडच्या वर्षांत 'स्पर्श' नावाच्या संगणकीय व्यवस्थेवर नेण्यात आले. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो भ्रमणध्वनीवर चेहरा दाखवूनही देता येतो. ज्याला ते जमते त्याला ही सोय आहे. सत्तरीच्या विधवेला तो नवा अडथळा आहे. बँकेतला ओळखीचा शिपाई निदान खुर्ची पुढे करीत असे, यंत्र ते करीत नाही. दाखला वेळेवर गेला नाही तर निवृत्तिवेतन थांबते, आणि ते थांबले हे तिला दुकानदार उधारी मागतो तेव्हा कळते. दोन विद्यार्थ्यांनी एका रविवारी एका गावातल्या अशा दहा घरी जावे, दाखले भरून द्यावेत, नावे-तारखा जुळतात का ते पाहून चुका कागदावर टिपून द्याव्यात. बस्स.

यात एक सावधगिरी मात्र काटेकोरपणे पाळली पाहिजे. अज्ञानाच्या भोवती दलाल जमतात. थकबाकी काढून देतो म्हणून टक्केवारी ठरवणारे, मूळ कागद स्वतःकडे ठेवून घेणारे, दूरध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक विचारून खाते रिकामे करणारे, असे सर्व प्रकार सैनिकांच्या विधवांभोवती घोटाळत असतात. म्हणून मदत करणाऱ्याने मूळ कागद घरी नेऊ नयेत, सांकेतिक क्रमांक स्वतःच्या वहीत लिहू नयेत, एक पैसाही, चहापाण्याचासुद्धा, घेऊ नये आणि केलेल्या कामाची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्यावी. उत्साही तरुणांना ही बंधने जाचक वाटतील. पण विश्वासघाताने एकदा पोळलेले घर पुन्हा कोणालाच दार उघडत नाही.

फौजेच्या अंतर्गतही स्वयंसेवेची परंपरा आहे. सैनिकपत्नींची 'आवा' ही कल्याण संघटना १९६६ पासून काम करते आणि नौदल व वायुदलातही तशा संघटना आहेत. शिवण, संगणक, बालवाडी, समुपदेशन असे पुष्कळ उपक्रम त्या चालवतात. मात्र त्यांचा वावर स्वाभाविकच छावणीत. नवऱ्याच्या हुद्द्याची सावली तेथील बायकांच्या बैठकीवरही पडते, अशी कुरकुर ऐकू येते, ती अगदीच निराधार नसावी. छावणीबाहेर, खेड्यात सासू-सासऱ्यांपाशी राहणारी शिपायाची बायको या वर्तुळात फारशी येत नाही. नागरी समाजाने हात द्यायचा तो तिला.

पुण्याच्या वाचकांना आणखी एका ठिकाणाची आठवण द्यावीशी वाटते. खडकीला १९७४ पासून पक्षाघात झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. कण्याला इजा होऊन कमरेखालचे वा मानेखालचे शरीर निकामी झालेले जवान तेथे राहतात, चाकाच्या खुर्चीवरून खेळतात, काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. जवळच १९१७ साली मुंबईत सुरू होऊन पुढे खडकीस आलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देते. आपल्या शाळांच्या सहली सिंहगडावर आणि पेशवे पार्कात जातात. त्या जाव्यातच. पण वरच्या वर्गातल्या मुलांना, आधी परवानगी घेऊन, गोंगाट न करता, हार-तुऱ्यांचा सोहळा न मांडता, एखादी दुपार बुद्धिबळ खेळायला खडकीस नेणाऱ्या शाळा किती? तिथल्या माणसांना सत्कार पुष्कळ होतात. गप्पा मारायला माणूस कमी येतो.

सत्काराचा विषय निघाला म्हणून लिहितो. 'वीरपत्नी' हा शब्द आपण मोठ्या गौरवाने वापरतो. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला तिला मंचावर बसवतो, शाल-श्रीफळ देतो, छायाचित्र काढतो. आणि त्याच गावात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे जात नाही. मंचावरची वीरपत्नी आणि दारातली विधवा या आपल्या मनात दोन निराळ्या बायका आहेत. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे थांबवावे असे ठरवले, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. वर उल्लेखिलेली सैनिक टाकळी याच तालुक्यात आहे. ठराव मंजूर करणे सोपे आणि सवाष्णींच्या ओळीत तिला पाट मांडणे अवघड, हे खरे. पण ते अवघड काम करायला शासकीय यंत्रणा येणार नाही, ते आपल्याच घरातल्या बायकांनी करायचे आहे.

शासनाचे नियमही या बाबतीत फार पुढारलेले नव्हते. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होई. तिने दिवंगत पतीच्या भावाशीच लग्न केले तर मात्र तो चालू राही. ही अट २०१७ च्या नोव्हेंबरात काढून टाकण्यात आली. तोवर शूराच्या पत्नीने शोक किती करावा आणि पुढचा संसार कोणाशी मांडावा हे एक लेखाविभाग ठरवीत होता. साताऱ्याकडील कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात कामी आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक या शिक्षिका होत्या. वयाची अट शिथिल करून घेऊन, कठोर प्रशिक्षण पुरे करून २०१७ मध्ये त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. त्यांच्यापुढे मान लवते. पण अशी कहाणी वारंवार सांगताना एक अन्याय नकळत घडतो. जी उठून उभी राहू शकली नाही, जिने फक्त दोन मुले वाढवली आणि सासऱ्याचे औषधपाणी केले, तिचे जणू काही कमी पडले असा सूर निघतो.

आईवडिलांचे दुःखही असेच झाकलेले राहते. लग्न होताच जवानाचा निकटतम आप्त म्हणून पत्नीचे नाव लागते आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा पहिला हक्क तिचा. ते योग्यच आहे. पण ज्यांनी जमीन गहाण टाकून मुलाला वाढवले ते म्हातारे आईबाप मोकळ्या हातांनी राहिले की घरात सून आणि सासू यांच्यात पैशावरून भिंत उभी राहते. नातेवाईक दोन्ही बाजूंनी तेल ओततात, वर्तमानपत्रेही चवीने छापतात. जवानाने हयातीतच मृत्युपत्र करावे, विम्याच्या नामनिर्देशनात आईवडिलांचा वाटा लिहावा, हे त्याला सांगणारा कोणी हवा. रजेवर आलेल्या जवानाशी मरणाच्या गोष्टी बोलणे अशुभ, म्हणून कोणी बोलत नाही. गावातल्या वडीलधाऱ्या, लिहित्या माणसाने हे अशुभ अंगावर घ्यावे.

आणि आता या सर्व चित्रात एक नवे घर आले आहे. ते म्हणजे अग्निवीराचे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार चार वर्षांसाठी भरती होते आणि त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम केले जाते. उरलेल्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी मिळतो, पण निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवेमुळे मृत्यू आल्यास ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या मुदतीचे वेतन कुटुंबाला मिळते. एकरकमी पाहता आकडा मोठा आहे. परंतु अविवाहित नियमित जवान रणभूमीवर पडला तर त्याच्या आईवडिलांना आयुष्यभर जे मासिक निवृत्तिवेतन मिळते ते यांना नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला कर्तव्यावर असताना ज्याचे प्राण गेले तो अग्निवीर बुलढाणा जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या घरातला होता. शेतकऱ्याच्या हाती एकदम आलेली रक्कम किती दिवस टिकते हे ज्यांना खेडे माहीत आहे त्यांना सांगायला नको. सोयरे, सावकार, जमिनीचे दलाल आणि फसव्या ठेवयोजनांचे प्रतिनिधी त्या उंबऱ्यावर एकाच आठवड्यात हजर होतात. धोरण बरोबर की चूक हा वाद संसदेत व्हायचा तो होवो. पण तोवर ती रक्कम कोठे ठेवावी, मासिक उत्पन्न कसे राहील, हे निरपेक्षपणे सांगणारा बँकेतला एखादा कर्मचारी, एखादा वाणिज्य शाखेचा प्राध्यापक त्या घरी जाऊ शकतो. चार वर्षांनी परतणाऱ्या पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलांचा प्रश्न तर याहून मोठा. सैनिक कल्याणाची सारी जुनी यंत्रणा 'माजी सैनिक' या व्याख्येभोवती उभी आहे आणि ही मुले त्या व्याख्येबाहेर आहेत. त्यांची पदवी पुरी करून घेणे, स्पर्धापरीक्षेला बसवणे, एखाद्या कारखान्यात शब्द टाकणे हे काम गावातल्या शाळा-महाविद्यालयांनाच करावे लागेल.

हे सर्व कोठून सुरू करावे, असे कोणी विचारील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पत्र टाकावे, आपल्या तालुक्याला कल्याण संघटकांचा दौरा कोणत्या तारखेला असतो ते विचारावे आणि त्या दिवशी तेथे जावे. बाहेरच्या बाकावर पिशवीत कागद घेऊन बसलेल्या बायका दिसतील. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल पदराआड असतो. गाठ सोडायला त्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ आणि एक निळे पेन बरोबर घेऊन जावे.